पाहुण्यांच्या बाजूचं बोट

माझं डावं बोट यजमानांचं,
उजवं पाहुण्यांचं.
नोव्हेंबरपासून
उजव्याला घट्टा पडलाय.

उतेनाच्या या हॉलमध्ये एकोणीस वर्षं
मी गुणफलक चालवतो.
आधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो.
आमच्या बाजूच्या एककाच्या घरात
आठाची मधली रेघ जळालीय.
अठ्ठ्याहत्तर झाले की सत्तर दिसतात,
मग मागच्या बाकांवरून हाळी यायची,
"मास्तर, आठ गुण कुठे प्यायलात?"
हल्ली कुणी विचारत नाही.
सत्तर काय, अठ्ठ्याहत्तर काय.

नऊ सामने. सलग.
पहिला हरलो तेव्हा पंच आंधळा होता.
दुसऱ्याला बस बर्फात अडकली होती.
तिसऱ्यात विदमांतासचा घोटा गेला,
चौथ्यात
एक गुणाने पुढे, चार सेकंद बाकी,
चेंडू आमच्याच हातात,
हातातोंडाशी आलेला घास
आम्हीच उचलून समोरच्याच्या ताटात वाढला.
पाचव्यापासून कारणं संपली.

प्रशिक्षक गेदगौदासने दाढी काढली,
पुन्हा वाढवली.
मालिशवाला आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो.
करकोच्याचं सोंग घेणारा पोरगा
मध्यंतरात पंख काढून
जिन्याखाली गणिताचा अभ्यास करतो.
आणि मी, न्यूटन शिकवलेला माणूस,
खुर्ची बदलली. कुणाला सांगितलं नाही.

लॉनी प्रुइट ओहायोहून आलाय.
सप्टेंबरात दुकानातली झिद्रूने
त्याच्या पिशवीत बिटाची एक बरणी
न मोजता टाकायची.
आता सुटे पैसे नीट मोजून
त्याच्या तळहातावर नाही, काचेवर ठेवते.
तो म्हणतो, आचू.
आमच्या भाषेतला त्याला येणारा एकच शब्द,
आभाराचा.

जानेवारीत इथे चारलाच अंधार पडतो.
तळी गोठतात, आणि त्यांच्यावर म्हातारे
भोक पाडून गळ टाकून बसतात,
दिवसभरात एखादा मासा, तोही बोटाएवढा.
कुणी त्यांना विचारत नाही
की हंगाम कसा चाललाय.

गुरुवारी रात्री रेघ दुरुस्त करायला गेलो
तर अर्ध्या दिव्यात लॉनी एकटा,
फाउलच्या रेषेवर.
त्या चौथ्या सामन्यात दोन्ही फ्री थ्रो
याच रेषेवरून त्याने चुकवले होते.
मी काही बोललो नाही, त्यानेही नाही.
फलक सुरू केला.

एक.
डाव्या बोटाला आठवायला वेळ लागला.
दोन. तीन.
चेंडू टप्पे खात माझ्याकडे येई,
मी पायानेच ढकलून परत देई.
सहा. सात.
आठ. आणि फलकावर शून्य.

त्याने वर पाहिलं.
चेंडू काखेत धरून
बराच वेळ पाहत राहिला त्या शून्याकडे.
मग हसायला लागला,
वाकून, गुडघ्यांवर हात टेकून,
इतका, की रिकाम्या बाकांवरून
ते हसणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं परत आलं.
मीही हसलो. स्टूलवर चढलेला,
हातात पेचकस.

नववा कड्यावर दोनदा फिरला
आणि बाहेर पडला.
"राहू द्या," त्याने खुणेने सांगितलं,
फलकाकडे बोट करून.
रेघ तशीच ठेवली.

शनिवारी दहावा हरलो.
तीन गुणांनी, जादा वेळेत.
शेवटचा चेंडू सुटला तेव्हा
हॉलमध्ये कुणीही कोट घालत नव्हतं.
मागच्या बाकांवरून हाळी आली,
"मास्तर, आठ कुठेयत?"

घरी आलो, बूट काढले,
बर्फ उंबऱ्यावर झटकला.
बायकोने विचारलं, किती?
मी सांगितलं.
ती काही म्हणाली नाही, सूप गरम करायला गेली.
चमचा उचलताना कळलं,
आज दुखतंय ते
डावं बोट.